गुरुवारपर्यंत

बक्स्टनच्या आमच्या गॅरेजात जागा एकीलाच.
दुसरी अंगणात, ताडपत्रीखाली.
ऑक्टोबर लागला की कुणाला आत घ्यायचं
यावर दरवर्षी तेच भांडण,
तितक्याच चवीनं.

हिरवी लोटस माझी.
शरयू तिला सवत म्हणते, तेही प्रेमानं नाही.
आत शिरायचं तर आधी डावा पाय, मग कंबर,
मग देवाचं नाव.
छत गळतं ते नेमकं मांडीवर,
आणि तरी त्या ओल्या मांडीनिशी
मी घरी येतो तो शीळ घालत.

लाल माझदा शरयूची.
सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या पैशानं घेतलेली,
स्टॉकपोर्टच्या रक्तपेढीतल्या रात्रपाळ्यांच्या.
दिवे लावले की तिचे डोळे वर येतात;
हल्ली डावा उघडायचा कंटाळा करतो.
शरयू उतरते, बॉनेटवर थाप मारते,
"ऊठ गं, अंधारलंय."

ऑलरेन्शॉनं लिफ्टवर चढवून पोट दाखवलं तिचं.
स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत गेला, बिस्किटात जावा तसा.
हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात इथे.
आपण खाल्ल्या मिठाला जागायचं;
हिला मिठानंच खाल्लं.

तर आता दोघींच्या बदल्यात एक.
राखाडी पोर्शे, चार वर्षांची, क्लच नसलेली,
बैठक गरम होणारी.
एकच विमा, एकच टॅक्स, एकच वार्षिक तपासणी;
कागदावर मांडलं तेव्हा आकडे इतके शहाणे दिसले
की मला त्यांचा राग आला.
"एक ना धड, भाराभर चिंध्या,"
असं मीच म्हणालो होतो, सुरुवात माझीच.

मार्चमध्ये शरयूचा डावा गुडघा बदलला.
क्लच म्हणजे तिला आता जिना वाटतो.
पण ती म्हणाली,
"दोन्ही गुडघे द्या, एक मजबूत घ्या,
असं नाही म्हणाला सर्जन."

रविवारी सकाळी आम्ही मॅकल्सफील्डच्या घाटानं जातो.
ती पुढे, मी मागे.
तिचा ब्रेकचा दिवा एकदा लुकलुकला तर मेंढी,
दोनदा तर कॅमेरा,
हात बाहेर आला तर चहा.
अठरा वर्षं मी बायकोच्या पाठदिव्यांशी बोलतोय,
आणि समोरासमोर इतकं नीट कधी जमलेलं नाही.

शनिवारी राखाडीची चक्कर मारली.
विक्रेत्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली,
शरयूनं ती काढून घेतली.
मी डावीकडे, रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून
मांडीवर ठेवलेले; मांडी कोरडी.
गाडी खडखडली नाही, कुरकुरली नाही,
काही मागितलंच नाही तिनं आमच्याकडे.
वळणावर शरयू जिभेचं टोक दातांत धरते.
हे मला ठाऊक नव्हतं.
इतकी वळणं झाली, मी मागेच होतो.
"असा काय बघतोस? समोर बघ."

मग माथ्यावर, सरळ रस्त्यावर,
तिनं ब्रेकला हलकेच पाय लावला, एकदा.
कुंपणाला टेकून एक मेंढी उभी होती.
मी बाजूलाच होतो, मलाही दिसली होती.
शरयूनं आरशात पाहिलं.
मागे कोणी नव्हतं.

परतताना आम्ही दोघंही बैठकीच्या उबेबद्दल बोललो.
छान होती ऊब, खोटं कशाला बोला.

गुरुवारपर्यंत कळवतो म्हणालो होतो.
आज गुरुवार.
फोळणीच्या डब्याशेजारी दोन किल्ल्या पडल्यात,
शरयू त्यांना धक्का न लावता मोहरी काढते.
फोन वाजतोय.
बाहेर वारा सुटलाय, ताडपत्रीची एक गाठ सुटलीय,
ती तेवढी बांधून येतो आधी.