तीस दिवसांची दरी

डंडीत नोव्हेंबरला चार वाजताच काळोख पडतो,
ते एका परीनं बरंच. स्क्रीन नीट दिसतो.
खाली मासे तळणाऱ्याचं दुकान, वर माझी खोली,
आणि हप्त्यांवर घेतलेलं ग्राफिक्स कार्ड
हीटरपेक्षा जास्त ऊब देणारं.

तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतलीत.
तिन्ही तीस दिवस फुकट.
त्यातले एकोणीस संपले.

पहिल्यात बटण दाबलं की डोंगर.
आकडा बदलला की दुसरे डोंगर.
सुळके, हिमरेषा, कड्याखालचा घसारा, सगळं जिथल्या तिथे;
दहा हजार वर्षांचा पाऊस
चाळीस सेकंदांत पाडून मोकळं होतं.
मॅकव्हॅरिशनी टोपी मांडीवर ठेवली, बराच वेळ पाहिलं,
आणि विचारलं, "इथं कोण राहायचं?"

दुसरं प्रामाणिक.
विमानातून लेसरनं मोजलेली उंची जशीच्या तशी वाचतं.
ग्लेन फेर्नाची मापं त्यात ओतली.
चहूबाजूंचे डोंगर चोख उभे राहिले
आणि मधोमध सपाट राखाडी पत्रा,
नऊ किलोमीटर लांब.
लेसर पाण्याच्या पाठीवरूनच माघारी फिरतो.
धरण झालं तेव्हा हे अकरा वर्षांचे होते, आता त्र्याऐंशी.
तिथली वीज तारांतून कुठवर पोचते ठाऊक नाही;
या खोलीतही येत असेल थोडी.
ते मी बोलले नाही.

तिसरं जुनं, दिसायला ओबडधोबड.
बनवणारा एकटाच, वेल्समध्ये कुठेतरी,
मेल पाठवली की दोन दिवसांनी उत्तर देतो, तेही एका ओळीत.
आपोआप काहीच होत नाही त्यात.
एक ब्रश, त्याचा घेर, त्याचा जोर.
माती वर ओढायची, खाली दाबायची, बोटानं पुसल्यासारखी पुसायची.
सगळी भूमी त्याच्या लेखी
काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा एकच राखाडी रंग.

मॅकव्हॅरिश काचेवर बोट टेकवतात: टोम.
मला ऐकू येतं, टेकाड.
ते म्हणतात, लॅग. मी तळहाताची ओंजळ करून दाखवते.
ते मान हलवतात. म्हणजे खळगा.
त्यांची गेलिक, माझी मराठी,
मधलं इंग्रजी दोघांनाही जरा ढगळच.

ओहोळ मी घराच्या डावीकडून काढला होता.
"नाही. आई बादली उजव्या हातानं आणायची,
वळणावर हात बदलायची."
पुसला. पुन्हा काढला.
नकाशावर नसलेलं ते वळण
दोन फूट खोल खोदलं.
नातीनं पैसे भरलेत चार मिनिटांच्या फिल्मचे,
वाढदिवसाला दाखवायची आहे.
तिला धुकं हवंय, एखादं हरीण.
यांनी हरणाचं नावही काढलेलं नाही.

"मागचा चढ फार सोपा झालाय."
जोर सहा टक्के. ओढला.
"अजून."
ओढला.
"अजून. मोरॅग इथं धापा टाकत बसायची. एक दगड होता."

या सॉफ्टवेअरमध्ये दगड येत नाहीत.
वेल्सच्या माणसाला मागे विचारलं होतं; त्याची ओळ आली होती:
दगडासाठी दुसरं काही बघा.
मग घेर अगदी बारीक केला
आणि जमिनीलाच एक गाठ आणली,
टेंगळासारखी.

ते उठले. कोटाची दोन बटणं लागली, तिसरं हातातच राहिलं.
"जरा अलीकडे," म्हणाले. "ती तिथवर पोचायची नाही."

सहा दहाची बस चुकली.
नव्वद पौंड. कार्डाचा नंबर टाकते आहे,
शेवटचे चार आकडे दोनदा चुकले,
आणि पलीकडच्या खुर्चीतून त्यांचं चालूच आहे,
अलीकडे, अजून अलीकडे,
हां.