डोरीनची झारी

कॅल्गरीत मंदी आधी कुणाला कळते?
बँकेला नाही, महापौरांना नाही.
डोरीन प्रिस्टुपाला कळते,
जी अठ्ठावीस वर्षं
लोकांच्या ऑफिसांतल्या झाडांना पाणी घालते.

तेल शंभराच्या वर होतं तेव्हा
एकाच टॉवरमध्ये तिची चारशे दहा झाडं.
लिफ्टपाशी पाम, रिसेप्शनला ऑर्किडं,
एकोणिसाव्यावर भूगर्भतज्ज्ञांचा फायकस,
ज्याच्या कुंडीत ते उरलेली कॉफी ओतायचे
आणि पानं गळाली की तिलाच विचारायचे, असं का झालं?

मग भाव पडला.
आधी ऑर्किडं गेली.
नेहमी ऑर्किडंच आधी जातात,
मग फुकटची बिस्किटं, मग माणसं.
एका शुक्रवारी सतराव्यावर खोकी दिसली,
खोक्यांत फ्रेममधली हसरी पोरं.
एकोणिसाव्यावर नुसता गालिचा,
त्यात टेबलाच्या पायांचे खळगे.
झाडं न्या असं कुणी म्हणालं नाही, राहू द्या असंही नाही.
शेवटचं बिल कुणाच्या नावाने पाठवायचं, तेही कळेना.

वॉचमन योनास म्हणाला,
"मागचं दार आठपर्यंत उघडं आहे. मी चहाला चाललो."
तिने फायकस व्हॅनमध्ये आडवा घातला,
पट्टा लावला,
बाहेर उणे तेवीस, आत हीटर,
आणि घरी आणला, जसा एखादा पाहुणा आणावा
ज्याला किती दिवस राहणार हे विचारायची सोय नसते.

सहा हिवाळे तो तळघरात होता,
वॉशिंग मशीनशेजारी, ट्यूबलाइटखाली.
वर दाराशी नवऱ्याचे, वर्नचे, ड्रिलिंगचे बूट,
तेही तसेच, नाड्या न सोडलेले.

आता म्हणे सावरतंय.
परवा हॉटेलच्या सभागृहात जेवणासकट भविष्य सांगितलं गेलं.
डोरीन मागच्या भिंतीशी फर्नची वाळकी पानं खुडत होती.
निळ्या सुटातल्या पाहुण्याने पडद्यावर रेघ दाखवली,
घसरलेली, मग लोळत पडलेली, मग शेवटाला
जराशी वर, मांजर उठताना शेपूट उचलतं तशी.
नोकऱ्या वाढतील, तो म्हणाला.
रिकाम्या जागा हळूहळू भरतील, तो म्हणाला,
आणि 'हळूहळू'पाशी पाण्याचा घोट घेतला.
टाळ्या. मग सामन मासा.

डोरीनचा हिशेब निराळा.
नदीकाठी चार मजले नवे लागले.
माणसं मंगळवार ते गुरुवार,
सोमवारी-शुक्रवारी फक्त खुर्च्या.
त्यांना हिरवं हवं, पण पाणी नको.
तिशीतली एक मॅनेजर विचारते,
शेवाळाची भिंत मिळते ना, काहीच करावं न लागणारी?
"मिळते," डोरीन म्हणते. "मेलेली असते ती."
आणि चौरस फुटाचा दर सांगते.

जुन्या टॉवरचे आता फ्लॅट होणार.
एकोणिसाव्यावर भिंती फोडल्यात, नळ फिरवतायत,
जिथे भूगर्भतज्ज्ञ नकाशे पसरायचे
तिथे कुणाचं तरी न्हाणीघर येईल.
योनासने अर्ज केलाय, दोन खोल्यांसाठी.
तेरा वर्षं रात्री राखलेल्या इमारतीत
एकदा रात्री झोपून बघायचंय म्हणतो.
यादीत त्याचा नंबर एकोणचाळीस.
"ते झाड आहे का अजून?" त्याने विचारलं.
ती म्हणाली, "छताला टेकलंय."

आज सकाळी चिनूक सुटला.
पश्चिमेला ढगांची कमान, आणि दुपारपर्यंत
पारा वीस अंश वर, पन्हळी गळतायत,
पोरं अर्ध्या बाह्यांत, कुणीतरी अंगणात शेगडीही पेटवली.
वर्न दारात उभा. नवी व्हॅन घेऊ या का, म्हणाला.
जानेवारी आहे, ती म्हणाली.

पुढच्या वर्षीच्या करारावर, झाडांच्या रकान्यात
तिने पेन्सिलने साठ लिहिलं,
खोडलं, पंचावन्न केलं.
मग तळघरात जाऊन
फायकसजवळची खिडकी उघडली, चार बोटं,
आणि घोंगडी हाताशी ठेवली.