नमुना

ऑक्टोबरातल्या उकाड्याच्या रात्री
सहकारनगरच्या पंपावर, हवा भरायच्या दिव्याखाली
तन्वीरला ती सापडली.
होमिओपॅथीच्या बाटलीतून थेट माझ्या दारात.
"मावशी, तुमच्याकडं भिंग आहे ना? ही कुठली?"

वॉचमन म्हणाला, मुंगळ्याची राणी, दुसरं काय.
तन्वीर म्हणाला, मुंगळ्याचे पाय एवढे तांबडे नसतात.
मी दिवसभर लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजते.
घरी आल्यावर माझं मत कुणी विचारत नाही,
म्हणून बाटली घेतली.

आधी कंबर बघायची.
गाठ एक की दोन, यावर अर्धं कुळ ठरतं.
एकच होती, खवल्यासारखी उभी.
म्हणजे नांगी नसावी.
पोटाच्या टोकाला केसांचं बारीक कडं, तिथून आम्ल;
बूच काढलं तेव्हा नाकाला शिरक्याची चुणूक लागली.
मिशांची पेरं एकदा अकरा भरली, एकदा बारा,
ती सारखी मिशा पुसत होती.
लांबी पट्टीवर सोळा मिलिमीटर, वळली की चौदा.
आणि पाठीवर चार व्रण,
जिथून तिनं स्वतःच पंख मोडून टाकले.

सवयीनं लेबल लिहायला घेतलं.
नाव: रिकामं.
लिंग: स्त्री.
वय: विचारू नये.
उपाशीपोटी? हो,
पहिली लेक हातापायाची होईपर्यंत.

उदगीरहून आले तेव्हा मी खोली बघत हिंडत होते.
पर्वतीला एका बाईंनी चहा दिला,
साखर किती विचारलं, मग आडनाव,
मग गाव, मग त्या गावात
त्या आडनावाचे आणखी कोण कोण,
मग म्हणाल्या, कळवते हं.
किती मऊ हातानं
कमरेच्या गाठी मोजत होत्या त्या.

लॅबमधली परीक्षानळी, तळाशी पाणी, वर कापूस.
कपाटात मोज्यांशेजारी अंधार दिला तिला.
तन्वीर रोज जिन्यातून ओरडायचा, "कळलं?"
"लेकी होऊ देत. आईची जात मुलींवरून कळते,"
मी म्हणाले, आणि जीभ चावली.
"प्रजाती, मावशी. पुस्तकात प्रजाती म्हणतात."
तो सहावीत आहे.

एकेचाळिसाव्या दिवशी तीन जणी.
दुधाळ चहाच्या रंगाच्या, आईच्या डोक्याएवढ्याही नाहीत.
मधाचा थेंब ठेवला तर त्याच्याभोवती
गॅसच्या रांगेतल्यासारख्या उभ्या राहिल्या,
मग एक मागं गेली, आईच्या तोंडाला तोंड लावलं.
भिंगातून बराच वेळ बघितलं.
पाय अजून फिके. रंग भरायला दिवस लागतील,
तेव्हाही खात्री देता येईलच असं नाही.

सोमवारी कामावर एकशे बारा नमुने होते,
सगळ्यांना नावं.
घरी आले तर नळीवर माझं लेबल नव्हतं.
तन्वीरनं वहीचा कागद फाडून चिकटवला होता:
नाव, अजून नाही.
पत्ता, मावशींचं कपाट, दुसरा कप्पा.