आवाज, एकवर

कागद दोन्ही बाजूंनी भरलेला.
आल्डोनाबाई म्हणाल्या, सोळा आठवड्यांच्या आत
हे सगळं पिल्लाला भेटायला हवं:
दाढीवाला माणूस. उघडणारी छत्री.
पायाखाली लोखंडी जाळी. कुबड्या. झग्यातली नन.
नन कुठून आणू, मी विचारलं.
लुब्लिनमध्येच राहता ना, म्हणाल्या.

बुव्का अकरा आठवड्यांची.
बुव्का म्हणजे पाव; रंगही तसाच,
वरून जरा जास्त भाजलेला.
कोटाच्या आत घालून तिला ट्रॉलीबसच्या थांब्यावर नेते,
जगाची ओळख करून देते:
ही गर्दी. हा बर्फ. हे बोनिफात्सी आजोबा, रोज इथे खोकतात.
खोकल्यालाही चिकनचा एक तुकडा.
(सहा वर्षं त्यांचं नाव मलाही माहीत नव्हतं.)

कागदावर शेवटी, लाल रेघेखाली: फटाके.
एकतीस डिसेंबरला चोवीस दिवस.
ती जेवत असताना फोनवर लावा,
अगदी बारीक, एकवर.
थबकली तर बंद करा. खात राहिली तर हळूहळू वाढवा.

पाचव्या दिवशी, चारवर,
दारावर टकटक.

शेजारची उस्तिना. खारकिव्हहून आलेली, दोन हिवाळे झाले,
जिन्यात मान हलवण्यापुरती ओळख.
ओल्या हातांनी उभी.
भांडायला नाही, विनवायलाही नाही,
फक्त विचारलं: अजून किती वेळ चालेल?

भिंतीला कान असतात म्हणतात.
मला वाटायचं ते माझ्याच बाजूला आहेत,
तपकिरी, मऊ, अजून धड उभे न राहणारे.

फोन बंद केला. कागद पुढे धरला,
दुसरं काही सुचेना.
तिनं वाचला, बोट ठेवून, परक्या भाषेतला.
'एकवर'पाशी बोट थांबलं.
"बरंय," म्हणाली,
"हिला एकपासून सुरुवात करून देताय."

तिच्यामागे नझर, आठ वर्षांचा, नुसत्या मोज्यांवर.
तो कागदावर होताच: 'दहा वर्षांखालचं मूल'.
बुव्कानं त्याचा मोजा ओढला, सोडेचना.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, फोन माझ्याकडे द्या.
बटण त्याच्या अंगठ्याखाली.
लावण्याआधी भिंतीवर दोन टिचक्या;
पलीकडून एक आली की मगच.
कधी कधी यायची नाही.
त्या दिवशी नुसतं चिकन.

एकदा त्यानं तोंड वाकडं केलं: हे खोटंय.
खऱ्याच्या आधी शीळ येते.
ओठांचा चंबूही केला,
पण वाजवली नाही.
एक तुकडा बुव्काला दिला, एक स्वतः खाल्ला.

एकतीसला चौघं माझ्या न्हाणीघरात,
तिथे खिडकी नाही.
टबात उशा. कपडे धुण्याचं मशीन रिकामंच फिरत ठेवलेलं.
बारा वाजले. शहर फुटायला लागलं.
बुव्का पोट वर करून घोरत होती,
चोवीस दिवसांचा अभ्यास चारी पंजांत ढिला पडलेला.
नझर तिचे श्वास मोजत होता, मोठ्यानं, आपल्या भाषेत,
चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
उस्तिनानं मशीनचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.
मी तिच्या हातावर हात ठेवला नाही.
चिकनचा डबा पुढे केला.
तिनं एक तुकडा घेतला.

जानेवारीत बुव्का घाबरली, पार शेपूट घालून,
फाटकाला अडकून फडफडणाऱ्या
एका निळ्या पिशवीला.
कागदावर पिशवी नव्हती.

नझर खाली बसला, गुडघे बर्फात,
पिशवीकडे न बघता,
जशी ती रोजच्या ओळखीतलीच.
घाई नाही, म्हणाला तिला.
तू म्हणशील तेव्हा.

बराच वेळ होतो आम्ही तिथे.
एक ट्रॉलीबस गेली.
पुढचीही.