खुणेचं नाव

रविवारी दुपारी नंदुरबारहून नवापूरची एसटी धरते.
विसरवाडीच्या फाट्यावर कंडक्टर विचारतो,
बाई, ख्रिस्ती झाल्या का तुम्ही?
नाही रे, शिकायला जाते.
या वयात?
हो. एकोणतीस वर्षं शिकवून झाल्यावर.

रंगावलीच्या अलीकडे पत्र्याचं चर्च.
ऐकणारे पंख्याखाली बसतात,
बहिरे खिडकीशी, जिथं उजेड पडतो.
समोर उभा शमुवेल गावित,
सहावी ब, शेवटचा बाक.
आता लाकडाच्या वखारीत करवतीवर असतो.
उजव्या हाताचं मधलं बोट एका पेराचंच उरलंय.

येशूची खूण अशी:
मधल्या बोटानं दुसऱ्या हाताचा तळवा टोचायचा,
खिळा गेला तिथं. मग हात बदलून पुन्हा.
शमुवेलचं बोट तळव्याला पोचत नाही.
ते हवेतच थांबतं,
आणि कुणी त्याला दुरुस्त करत नाही.

मी करायचे. सगळं दुरुस्त करायचे.
‘प’ म्हण. मेणबत्ती हलली पाहिजे.
नाही हलली. परत म्हण.
साक्री, शिरपूर, कुठून कुठून आया यायच्या,
पदराच्या गाठीतून भाड्याचे पैसे सोडत म्हणायच्या,
‘मना आंडोरले बोलतं करा, बाई.’
मग मी पोरांना हातांवर बसवायचे.
खरंच. मांड्यांखाली हात दाबून, तास संपेपर्यंत.
जो हात सुटायचा त्याच्यासाठी लाकडी फूटपट्टी होती.
मधल्या सुट्टीत हातपंपामागे
त्यांचं सगळं बोलणं चालू असायचं.
मी गेले की विझायचं.

इथं पहिल्या दिवशी प्रत्येकानं खुणेचं नाव सांगितलं.
मेबल: गालावरची खळी.
भीमसिंग: मिशीला पीळ.
जिजा वळवी: लहानपणी कपाळावर पडलेली खोक.
माझी पाळी आली तेव्हा मी बोटांनी
न, मग लि, घाबरत नी
काढायला लागले.
शमुवेलनं हात वर करून थांबवलं.
तुम्हाला नाव आहे, म्हणाला. जुनं.
डावी मूठ पालथी धरली,
उजव्या हाताची कड बोटांच्या पेरांवर मारली.
दोनदा.

जिला मी कधी पाहिलंही नव्हतं ती धडगावची एक पोर
डोळे मोठे करून म्हणाली,
अच्छा, त्या तुम्ही!

आज बाहेरचे पाळक आले होते.
पाहुणे नेहमी तोच उतारा काढतात,
बहिऱ्याला बरं केल्याचा. ‘मोकळा हो.’
भीमसिंगनं जांभई दिली.
शमुवेलनं हात वर केला, विचारलं,
त्याला गर्दीतून बाजूला का नेलं?
पाळक म्हणाले, नम्रता असेल प्रभूची.
नाही, शमुवेल म्हणाला.
कानात बोटं घातली. जिभेला हात लावला. वर बघितलं.
हे बोलणं आहे. आमचं.
आधी त्याला सांगितलं, मग केलं.
मेबल हे आवाजात सांगत होती,
सांगता सांगता तिचा आवाज बसला.
पाळकांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं.
मी कुणाकडे बघावं ते कळेना,
म्हणून फरशीकडे बघत राहिले.

तेवढ्यात लाईट गेली.
ऐकणाऱ्यांनी लगेच गाणं धरलं, डफ सापडला, टाळ्या सुरू झाल्या.
खिडकीशी मात्र सगळं बंद.
अंधार म्हणजे काय असतो ते मला साठाव्या वर्षी कळलं,
जीभ होती आणि तिचा उपयोग नव्हता.

कुणीतरी माझा हात शोधला.
पालथा केला.
पेरांवर हलकेच, दोनदा.
त्यातलं एक बोट आखूड होतं.

आणि मनगट धरून दाराकडे ओढलं:
शेवटची एसटी लागलीय.

मी त्याच्या तळव्यावर हात ठेवला,
ओ दिली.