हातचा एक

टेमकर साहेब,
आपला आक्षेप क्रमांक सतरा मिळाला.
फाईलवर हिरव्या शाईत आपण लिहिलंय :
‘सदर अनावश्यक वीजपुरवठा संच
आवश्यकता नसताना का खरेदी करण्यात आला?’

चूक तुमची नाही.
कोटेशनमधल्या इंग्रजी शब्दासमोर
भांडार विभागाने शब्दकोशातला पहिला अर्थ लिहिला
आणि खाली सही केली.
मलाही पटकन दुसरा सुचला नव्हता.

तळमजल्यावर, क्ष-किरण खोलीच्या मागे,
जिथे पूर्वी धुवायच्या चादरींचा ढीग असायचा,
तिथे एक लोखंडी कपाट आहे. त्यात सहा स्विच.
दिव्यांचे नव्हेत, निरोपांचे.
कुठल्या खाटेचा निरोप कुठल्या पडद्यावर जायचा
ते हे सहा जण बघतात.
प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा वीजपुरवठा. एकच.
आणि माझगावच्या हवेत गोदीचं मीठ आहे.
ते बिजागऱ्या खातं, कड्या खातं,
पंख्याच्या पात्यांवर बसून हळूहळू
पोटातलंही खातं.

सगळ्यात खाली, जमिनीपासून वीतभर वर,
तुमचा अनावश्यक.
त्याच्यातून सहा जाड केबली निघतात,
एकेकीचं टोक एकेकाच्या पाठीत.
वर्षभर तो काही करत नाही,
हिरवा दिवा लावून बसतो.
सहाही त्याच्या भरवशावर,
पण एका वेळी तो एकालाच उचलू शकतो.
म्हणजे रांग लावणं आलं.

मी लावली.
एक : नवजात कक्ष.
दोन : शस्त्रक्रिया. तीन : रक्त.
मग बाह्यरुग्ण, मग कॅमेरे,
सहावा अधीक्षकांचा मजला.
त्यांनी बोलावून घेतलं, विचारलं.
मी म्हटलं, सर, तुमचा नंबर लागलाय.

एक कबुली, जी तुमच्या टिपणीत नाही :
माझ्याआधीच्या कंत्राटदाराने
याचा प्लग आणि त्या सहांचे प्लग
एकाच बोर्डात खोचले होते.
दोन दोर, एकच खुंटी.
बेनेडिक्ट वायरमनने शनिवारी उपाशीपोटी
जिन्याखालून वेगळी लाईन ओढली;
ते सहा बेस्टच्या मीटरवर, हा यूपीएसवर.
मजुरी बिलात नाही. तो निवृत्त आहे.
मी त्याला कोळंबीचं लोणचं दिलं.
(आक्षेप अठरा घ्यायचा तर घ्या.)

अकरा फेब्रुवारी, पहाटे दोन चाळीस.
नवजात कक्षाच्या स्विचचा पुरवठा मेला.
सिस्टर लुईझा चहा गाळत होत्या.
चार नंबरच्या पेटीत
सकीना अन्सारीची चौदाशे ग्रॅमची मुलगी.
पडद्यावर तिचे ठोके
एकशे अडतीस होते,
मग एकशे एकोणचाळीस.
मधे काहीही झालं नाही.

सकाळी मी कपाट उघडलं
तर खालचा हिरवा दिवा पिवळा,
आणि त्याचा पंखा, खरेदीपासून पहिल्यांदाच,
धापा टाकत होता.

नवा भाग भिवंडीहून यायला तीन दिवस लागले.
तीन दिवस त्याने ती खोली धरून ठेवली
आणि बाकीच्या पाचांना मागे कुणी नव्हतं.
मी डबा तिथेच बसून खाल्ला.
काही करता येण्यासारखं नव्हतं, तरी.

शाळेत माझ्या बेरजा चुकायच्या.
आठ आणि सात पंधरा, पंधराचे पाच.
बाई पाटीवर बोट आपटायच्या : हातचा कुठाय?
वर कोपऱ्यात, बारीक, एक लिहायचा असतो.
उत्तर आलं की पुसून टाकतात.

तरी कृपया ‘अनावश्यक’ खोडून
‘हातचा’ असे वाचावे.
नियमात बसत नसल्यास ‘राखीव’ चालेल.

सोबत : जळालेला भाग, एक नग,
मिठासह.