जर, तर आणि मानशीचं दार

शाळेच्या कपाटात तीन वर्षं पडून होता तो संच.
लिझेट मिस म्हणाल्या, घेऊन जा, मोडलास तरी चालेल.
संचाहून मला ते वाक्यच महाग वाटलं.

पहिल्या रात्री एक दिवा लुकलुकला.
आईने विचारलं, मग?
मग काही नाही.

पुढच्या आठवड्यात दोन चाकं, त्यांतली एक मोटर उलटी जोडलेली;
गाडी स्वतःभोवती गिरक्या घेत राहिली
बाबांच्या पागेरात गुरफटेपर्यंत.

अडलं ते 'जर'पाशी.
जर असं, तर तसं, नाहीतर तिसरंच,
कुठला कंस मिटायचा राहिला देव जाणे,
स्क्रीनभर लाल ओळी.

चोडणच्या बांधावर इनासकाका मानस राखतो.
भरती चढत होती. लाकडी दार
कुरकुरलं आणि मिटलं, कुणी हात न लावता.
ओहोटीला उघडतलें, तो म्हणाला, विडी शोधत.
आणि घड्याळ?
तें कित्याक? पाणी धक्का मारता न्हय!

तिथंच, गुडघ्यावर वही ठेवून:
जर पाणी बाहेरून ढकलेल, दार मीट.
नाहीतर उघड.
परत बघ.
परत बघ.

घरी गाडी भिंतीपर्यंत गेली, थबकली,
जणू विचारच करतेय
(विचार कसला, माझीच एक ओळ होती)
आणि वळली,
थेट उंबऱ्याकडे निघाली.

उंबऱ्यापलीकडे तीन पायऱ्या आहेत
हे तिला सांगायचं राहूनच गेलं होतं.